डिटेक्टर उगाच कोकलतो तेव्हा

उलंगवाडी होऊन, म्हणजे पिकं निघून, वावरं मोकळी झाली की माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं वाढतात. एक म्हणजे पंपाची मोटर जळालेली. दुसरी म्हणजे जुनी नाणी शोधायला नवी मेटल डिटेक्टर मशीन घेतलेली. ही दुसरी मंडळी आधी शटरच्या आत येतात, रस्त्याकडे एकदा बघून घेतात आणि हळूच सांगतात, "भाऊ, मशीन तं खराब निंगाली. सारखी कोकलून राह्यली ना."

दुकान मोटर-वाइंडिंगचं. पण चार वर्षांपूर्वी मीही याच नादानं एक मशीन घेतली आणि आठवडाभरात वैतागून परत पाठवायला निघालो. तेव्हापासून गावात मी त्यातला जाणकार ठरलो. आतापर्यंत वीसेक मशिनी हाताखालून गेल्या असतील. खरोखर बिघडलेल्या दोन. बाकीच्यांना माती, लाइन नाहीतर मालकाचा खिसा नडला होता.

आधी लक्षण नीट ओळखा

"सारखी वाजते" एवढ्यावर काही कळत नाही. केव्हा वाजते ते सांगा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा:

– थाळी, म्हणजे खालची कॉइल, हवेत धरली तरी वाजते.
– हवेत गप्प असते, जमिनीजवळ नेली की बोंब मारते.
– घड्याळासारखी ठेक्यात वाजते, सेकंदाला साधारण एक टिक.
– पऱ्हाटीच्या खुंटीला किंवा ढेकळाला थाळी लागली की वाजते.
– एका बाजूनं फिरवली तर वाजते, उलट फिरवली तर नाही. खणलं तर हाती काही नाही.
– नाणं समोर धरलं तर गप्प बसते, नाहीतर "लोखंड" दाखवते.

आपलं लक्षण यातलं कोणतं ते ठरवा आणि मग खालच्या क्रमानं जा. फुकटचं आधी, पैशाचं मागून. मधलं गाळून थेट कॉइल बदलायला निघालात तर पैसे जातील आणि आवाज तसाच राहील.

अंगावरचं लोखंड

सगळ्यात आधी स्वतःला तपासा. मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, हातातलं कडं, कमरेला खोचलेलं खुरपं. थाळी आजूबाजूच्या धातूची चाहूल घेते, तिला खिशातला आणि जमिनीतला फरक कळत नाही. मोबाइल तर दुहेरी त्रास देतो, कारण तो धातूही आहे आणि लहरीही सोडतो. तो झाडाखाली गाडीच्या डिकीत ठेवा.

आर्वीकडचे एक काका मशीन घेऊन आले होते. थाळी डावीकडे गेली की वाजे, उजवीकडे गप्प. मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत चालवून पाहिली तर बिलकूल शांत. त्यांच्या हातात दिली की पुन्हा वाजे. शेवटी खाली बघितलं. मुलगा कंपनीत कामाला, त्याचे जुने सेफ्टी बूट काकांच्या पायात. डावा पाय पुढे टाकायची सवय, आणि बुटाच्या टोकात लोखंडी वाटी. चप्पल घालून आले आणि मशीन दुरुस्त झाली. पैसे घेतले नाहीत, काकांनी फल्लीची पिशवी पाठवली.

ही तपासणी घरात करू नका. स्लॅबमध्ये सळया असतात, छपरावर टिनं असतात. अंगणातल्या लोखंडी पलंगापासूनही लांब जा.

कोणतं नाणं धरता?

हे कोणी सांगत नाही आणि निम्मी माणसं इथेच फसतात. नवी मशीन आली की पोट्टे खिशातला रुपया काढून थाळीसमोर धरतात. मशीन म्हणते लोखंड. मग मशीनला शिव्या. अरे बाबा, आजचा एक रुपया लोखंडाच्याच जातीचा आहे. १९९२ पासून तो लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा येतो. मशीन खरं तेच सांगून राहिली.

तपासायला पिवळा पाच रुपयांचा, तांब्याचा जुना पैसा किंवा चांदीची अंगठी घ्या. घरात राणीछाप रुपया असेल तर उत्तमच. तो ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी जवळपास ९१.७ टक्के, त्यामुळे आवाज उंच आणि ठाम येतो. १९४० ते ४५ चा सहाव्या जॉर्जचा रुपया निम्म्या चांदीचा. पण १९४७ चा घेऊ नका. तो निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो आणि मशीनला गोंधळात टाकतो. डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको ते धातू गाळायची सोय. ती फार वर चढवली असेल तर ॲल्युमिनियमची जुनी दहा पैशांची नाणीही गाळून टाकते. नवीन माणसानं ती आधी शून्यावर आणावी आणि सगळे आवाज ऐकावेत. कोणता धातू कसा वाजतो हे कानाला कळलं की मग काय गाळायचं ते ठरवता येतं.

सेल

पैशाची पहिली तपासणी. रिमोटमधले स्वस्त सेल घालू नका. त्यांचा व्होल्टेज रिकामा मोजला तर बरा दिसतो, मशीन चालू झाली की बसतो. थाळी सतत चुंबकी क्षेत्र सोडत असते, तिला दम लागतो. सेल बसले की आधी खोली कमी होते आणि मग उगाच टुणटुण सुरू होते. अल्कलाइन सेल घाला. जुने, नवे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र करू नका. डब्यातल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासून काढा.

सेन्सिटिव्हिटी खाली आणा

नवीन मशीन हातात आली की प्रत्येकजण सेन्सिटिव्हिटीचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. जास्त म्हणजे खोल, असा हिशोब. आपल्या काळ्या मातीत हिशोब उलटा पडतो. सेन्सिटिव्हिटी वाढवली की नाण्याचा आवाज वाढतो, तसा मातीचा आणि लाइनचा गोंगाटही वाढतो, आणि नाणं त्यात बुडतं. निम्म्यावर आणा. तरी वाजते? अजून खाली. मशीन गप्प झाली की तिथून एकेक पायरी वर चढवा.

खोलीचंही खरं सांगतो. काळ्या वावरात रुपयाएवढं नाणं अर्धी वीत पक्कं, पूर्ण वीत नशिबाचं. दहा फूट खालचा हंडा दाखवणारं, हातात दोन काड्या धरून चालायचं यंत्र कोणी विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि रस्त्याला लावा.

लाइन, डीपी आणि झटका

थाळी हवेत कमरेएवढी धरा आणि स्वतःभोवती हळूहळू फिरा. एका दिशेला आवाज वाढतो, दुसऱ्या दिशेला कमी होतो, असं असेल तर त्रास बाहेरून येतोय. वरून गेलेली अकरा केव्हीची लाइन, धुऱ्यावरचा डीपी, सोलर पंपाचा कंट्रोलर, शेजारच्या झोपडीतला इन्व्हर्टर, यातलं काहीतरी असतं. आपल्याकडे शेतीची लाइन पाळीनं येते, त्यामुळे लाइन नसेल त्या वेळी त्याच जागी पुन्हा चालवून पाहा. तेव्हा शांत राहिली तर मशीन ठणठणीत आहे. मशीनला फ्रिक्वेन्सी बदलायची किंवा नॉइज कॅन्सलची सोय असेल तर थाळी हवेत स्थिर धरून ती करा. नसेल तर लाइनपासून शंभर-दीडशे पावलं लांब जा.

ठेक्यात वाजणाऱ्या मशीनचं कोडं मला पहिल्यांदा दोन दिवस सुटलं नव्हतं. बोरच्या जंगलालगतच्या एका गावातून फोन आला, "मशीन घड्याळासारखी वाजते, डोकं फिरलं." मी कॉइल बदलली, सेल बदलले, दुकानात आणली. दुकानात शांत, वावरात नेली की पुन्हा टिक, टिक, टिक. शेवटी मशीन बंद करून वैतागून धुऱ्यावर बसलो आणि तोच ठेका कानावर आला. तुरीच्या पलीकडे, खांबावरच्या डब्यातून. झटका मशीन! रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून शेजाऱ्यानं सोलरवरचं तारेचं कुंपण घातलं होतं. ते मशीन साधारण सेकंदाला एक झटका तारेत सोडतं आणि आख्खी तार अँटेना होते. शेजाऱ्याला विचारून दहा मिनिटं बंद करवलं, आमची मशीन गप्प झाली.

म्हणजे सेकंदाला एक टिक ऐकू आली की आधी धुऱ्याकडे बघा. झटका बंद करायचा तर मालकाला सांगूनच. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. कुंपणाला झटका मशीनचा डबाच दिसत नाही, पण तार खांबावरच्या लाइनकडे गेलेली दिसते, तर तिथून मागे फिरा. काही जण तारेत थेट लाइन सोडतात. त्यानं डुकरं मरतात तशी माणसंही मरतात. हात लावू नका, काठीनं हलवून बघू नका, महावितरणला कळवा.

माती

हवेत शांत आणि जमिनीजवळ बोंब, हे आपल्या भागातलं खरं दुखणं. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोल्याची काळी माती काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या झिजेतून झाली. त्या दगडात मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं चुंबकी खनिज. पटत नसेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक पॉलिथिनमध्ये गुंडाळून कोरड्या वावरात फिरवा. पिशवीला काळी लव येईल. ओढ्याच्या रेतीत पावसानंतर काळे पट्टे दिसतात, त्यात तर हीच भुकटी भरपूर असते. मशीनला ही माती म्हणजे सगळीकडे पसरलेला बारीक धातूच वाटतो.

उपाय ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला मातीचा आवाज सोडून द्यायला लावणं. आधी धातू नसलेली जागा शोधा. बटण दाबून थाळी जमिनीपासून वीतभर वर न्या, मग दोन बोटांपर्यंत खाली आणा. असं सात-आठ वेळा करा. वर आणि खाली आवाज सारखा झाला की बॅलन्स झाला. एकदा करून दिवसभर फिरू नका. नाल्याकाठची, धुऱ्याची आणि वावराच्या मधली माती एकसारखी नसते. मेमध्ये तर मशीन तापूनही बॅलन्स सरकतो, म्हणून गाडीतून काढल्यावर तिला दहा मिनिटं सावलीत ठेवा. स्वस्त मशिनींत बॅलन्स कंपनीतूनच पक्का केलेला असतो, त्यांत बटणच नसतं. तिथं सेन्सिटिव्हिटी उतरवणं आणि थाळी चार बोटं वर धरून चालवणं एवढंच हाती उरतं.

बॅलन्स करूनही काही जागी खोटा आवाज येतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. भेगेवरून थाळी गेली की खालची माती एकदम गायब होते आणि मशीन दचकते. जुन्या चुलीची जागा, वीटभट्टी, खापरांचा थर, इथंही तसंच. माती भाजली की तिच्यातलं लोह जास्त चुंबकी होतं. भंडारा-गोंदियाकडची लाल माती आणि लोहदगडही असेच छळतात.

खणायच्या आधी तीन गोष्टी करा. उलट्या दिशेनं आणि आडवी, अशी चारी बाजूंनी थाळी फिरवा. नाणं चारी बाजूंनी साधारण एकसारखं वाजतं, खिळा एका बाजूनंच. मग थाळी हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज हळूहळू विरतो, खोटा आवाज देणाऱ्या दगडाचा पटकन तुटतो. शेवटी वरची माती पायानं सरकवा. आवाज मातीबरोबर सरकला तर चीज वरवरच आहे, खणायची गरज नाही.

तरी निघणार काय ते ऐकून ठेवा. बैलाच्या नाली, त्यांचे खिळे, डवऱ्याच्या पासेचा तुकडा, औषधाच्या बाटलीवरचं चांदीसारखं सील, गोळ्यांची पाकिटं, झटक्याची तुटकी तार. माझ्या पहिल्या महिन्याची कमाई म्हणजे सत्तावीस सीलं आणि आमच्याच जुन्या खळ्याच्या जागी मिळालेला एक भोकाचा पैसा, १९४४ चा. तो टेबलाच्या काचेखाली आहे.

कव्हर आणि केबल

खुंटीला लागली की वाजते, या तक्रारीत बहुतेक वेळा थाळीखालचं प्लास्टिकचं कव्हर दोषी असतं. ते काढा. आत काळी भुकटी साचलेली दिसेल. थाळी हलली की भुकटीही हलते, आणि मशीनला काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. कोरड्या ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळवून परत लावा.

मग केबल. दांड्याला ती घट्ट गुंडाळलेली हवी. थाळीजवळ सैल लोंबत असेल तर तिच्या हलण्यानंही आवाज येतो. मशीन चालू ठेवून, थाळी हवेत स्थिर धरून, केबल बोटानं टोकापासून टोकापर्यंत हलवत जा. एका विशिष्ट जागी खरखर झाली तर आतली तार तुटली आहे. पिनेजवळ खरखर झाली तर आधी जोड काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि हातानंच कसा. पक्कड लावू नका, प्लास्टिकचे आटे जातात.

इथे थांबा

इतकं सगळं करूनही लाइनपासून लांब, हवेत, कमी सेन्सिटिव्हिटीवर मशीन वाजतच असेल, तर त्याच मॉडेलची दुसऱ्याची थाळी लावून पाहा. त्यानं शांत झाली तर तुमची थाळी गेली, नवी घ्या. थाळीत दोन गुंडाळ्या एकमेकींचा परिणाम मारतील अशा बेतानं बसवून वरून इपॉक्सी ओतलेलं असतं. केसाएवढी सरकली तरी तोल गेला. मोटर रिवाइंड करतो म्हणून मी एकदा शहाणपणा करून थाळी उघडली होती. ती दुकानात खिळ्याला टांगलेली आहे, येणाऱ्याला दाखवायला. दुसरी थाळी लावूनही वाजत असेल तर दोष डब्यात. वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात न लावता कंपनीच्या सर्व्हिसला पाठवा. सील तुटलं की वॉरंटी गेली.

मशीन नीट झाल्यावरही काही ठिकाणी थांबायचं असतं. पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या आसपासच्या रानात मशीन नेऊच नका. तिकडे धातूच्या लोभानं माणसं मेली आहेत. कुठंही गंजलेलं नळकांडं किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर फावडं खाली ठेवा, हात न लावता मागे या, ११२ ला फोन करा.

पवनी, मनसर, अडम, पौनार, कौंडण्यपूर ही उत्खनन झालेली गावं, जुनापाणीसारखी दगडांची वर्तुळं, किल्ले, गढ्या, रिठं म्हणजे उजाड गावांच्या जागा, इथं मशीन काढू नये. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. रिठावरून नांगर गेला की पहिल्या पावसात नाणी वर येतात हे खरं, पण तिथली मातीच पुरावा असते. १९३९ साली तऱ्हाळ्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. मिश्रधातूची नाणी, भंगारात घातली असती तर फार काही आलं नसतं. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही राजांची नावं त्यांच्यावरून कळली. कोणी ती मूठमूठ वाटून घेतली असती तर?

स्वतःच्या वावरात सापडलं तरी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं की काय मिळालं, अंदाजे किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहाचा आकडा तेव्हापासूनचा आहे, त्यामुळे आज जवळजवळ प्रत्येक जुनं नाणं त्यात येतं. शिवाय १०० वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. भांड्यात भरलेली नाणी दिसली तर भांडं उचलू नका. फोटो काढा, माती परत टाका, तलाठ्याला आणि तहसील कार्यालयात कळवा. नाणी घासू नका, चिंच-लिंबू लावू नका.

आणि रात्री जाऊ नका. आपल्या भागात रात्री कंदील आणि फावडं घेऊन कोणी खणताना दिसला की गाव गुप्तधन समजतं, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तुम्ही नाणी शोधत होता हे नंतर कोणाकोणाला सांगत फिराल? दिवसा जा, वावरमालकाची परवानगी घ्या, पोलीस पाटलाच्या कानावर घाला, खड्डा बुजवून या.

मशीन माझ्याकडे आणायची असेल तर थाळी धुऊन आणू नका. ज्या वावरात वाजली तिथली मूठभर माती पिशवीत घालून सोबत आणा. आणि दुकानात यायला लाजू नका, शटर सकाळी नऊला पूर्ण उघडतं.